परवाना आणि पारख : वैमानिकाच्या पहिल्या नेमणुकीचा इतिहास, नागपूरकडून पाहता

१

नागपूर शहराच्या पश्चिमेस अमरावती मार्गावर वाडी हे गाव आहे. आज ते शहराला जवळजवळ जोडले गेले असून मालवाहतुकीच्या धंद्याचे मोठे ठाणे म्हणून ओळखले जाते. या धंद्यात एक जुनी रीत आढळते. क्लीनर म्हणून लागलेला मुलगा कित्येक वर्षे ड्रायव्हरच्या शेजारी बसतो, चाके बदलतो, घाटात गाडी कशी उतरवावी हे पाहतो, आणि रिकाम्या रस्त्यावर केव्हातरी त्याच्या हाती चक्र येते. पुढे त्याला परवाना मिळतो तेव्हा मालक त्याची निराळी परीक्षा घेत नाही. पारख तोवर होऊन गेलेली असते. परवाना सरकार देते, पारख मालक करतो, आणि या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या धंद्यातील प्रत्येकास ठाऊक असते.

वाडीपासून काही मैलांवर सोनेगावचा विमानतळ आहे. तेथे शिकून बाहेर पडणाऱ्या वैमानिकाच्या वाट्यास हाच भेद अधिक कठोर रूपाने येतो. त्याच्यापाशी सरकारचा परवाना असतो. पण ज्या विमानात शे-दोनशे माणसे बसावयाची त्याच्या मालकाने त्याला कधी पाहिलेले नसते. तेव्हा अनोळखी उमेदवाराची पारख थोड्या दिवसांत, कधी थोड्या तासांत, कशी करावयाची? या प्रश्नास विमान-कंपन्यांनी निरनिराळ्या काळी जी उत्तरे दिली त्यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवडीच्या पद्धती बदलल्या त्या केवळ विमानविद्या पुढे गेली म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. या इतिहासात निर्णायक ठरलेली गोष्ट म्हणजे चाळणी कोठे लावली गेली ही : शिक्षणाच्या आधी की शिक्षणाच्या नंतर. चाळणी आधी लावली तर गळालेल्या उमेदवाराचा काही वेळ जातो. नंतर लावली तर त्याने शिक्षणात घातलेले सारे धन जाते. चाळणीची जागा बदलली की नुकसान कोणी सोसावयाचे हेही बदलते, आणि म्हणून हा प्रश्न विमानविद्येइतकाच समाजेतिहासाचाही आहे.

२

हिंदुस्थानात दिला गेलेला पहिला वैमानिक-परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी, १९२८ साली, मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला होता. पुढे जुहूचे मैदान हे पश्चिम हिंदुस्थानातील उड्डाण-शिक्षणाचे केंद्र झाले. त्या काळी परवान्याचे दोन वर्ग होते : हौशी वैमानिकासाठी ‘अ’ आणि मोबदला घेऊन विमान चालविणाऱ्यासाठी ‘ब’. १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांनी या व्यवस्थेस पक्के कायदेशीर रूप दिले. (हा १९३४ चा कायदा नव्वद वर्षे टिकला, १ जानेवारी २०२५ पासून त्याची जागा भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.)

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासेकडे नेले. ही सेवा सुरू झाली तेव्हा तिच्यापाशी दोन पस मॉथ विमाने व बोटांवर मोजता येतील इतके वैमानिक होते. अशा संस्थेत निवडीची पद्धत असण्याचे कारणच नव्हते. वैमानिक इतके थोडे होते की मालक त्यांना नावानिशी ओळखत असे, आणि अनेकदा त्याने त्यांचे उड्डाण प्रत्यक्ष पाहिलेले असे. वाडीच्या मालकाची पारख आणि जुहूच्या मालकाची पारख या काळी एकाच जातीची होती.

मात्र या ओळखीच्या काळाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. सरकार फ्लाइंग क्लबांना अनुदान देत असे, त्यामुळे उड्डाणाचा तास काहीसा स्वस्त पडे. तरी मध्यमवर्गीय मुलास तो परवडण्याजोगा नव्हता. क्लबाचा सभासद होऊ शकणारा वर्ग आधीच लहान होता. तेव्हा चाळणी नव्हती असे नव्हे. ती संपत्तीची व सामाजिक परिचयाची होती, आणि ती शिक्षणाच्याही आधी, क्लबाच्या दारातच लागत होती. पुढील सर्व पद्धतींचे मोजमाप करताना या पहिल्या, नाव नसलेल्या चाळणीचा विसर पडता कामा नये.

३

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. युद्ध संपताच डकोटा विमाने मोठ्या संख्येने व स्वस्तात विक्रीस निघाली, आणि युद्धकाळात शिकलेले वैमानिकही मोकळे झाले. १९४६ साली स्थापन झालेल्या विमान-वाहतूक परवाना मंडळाने अनेक कंपन्यांना अनुज्ञा दिली. वाहतूक मात्र त्या मानाने वाढली नाही. कंपन्या तोट्यात जाऊ लागल्या तेव्हा १९५० साली भारत सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. गरजेपेक्षा अधिक कंपन्यांना दिलेली अनुज्ञा हे या दुरवस्थेचे एक प्रमुख कारण समितीने दाखविले, आणि तात्काळ राष्ट्रीयीकरण करण्याऐवजी कंपन्यांच्या एकत्रीकरणावर भर दिला. सरकारने अखेरीस राष्ट्रीयीकरणाचाच मार्ग धरला.

निवडीच्या इतिहासात या काळाचे महत्त्व असे की, प्रथमच उमेदवार अनेक व जागा थोड्या अशी स्थिती उत्पन्न झाली. ज्याला मालक ओळखत नाही अशा माणसाला कशावरून घ्यावे, या प्रश्नास सर्वांत सोपे उत्तर मिळाले ते उड्डाणाच्या तासांचे. नोंदवहीतील तासांची बेरीज हे पारखीचे माप ठरले. युद्धात शेकडो, हजारो तास उडालेल्या माणसापुढे फ्लाइंग क्लबातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाची नोंदवही फिकी दिसणे अपरिहार्य होते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे जे चक्र आजच्या उमेदवारासही परिचित आहे ते आपल्याकडे या वर्षांत फिरू लागले.

तासांचे माप निदान निःपक्षपाती तरी होते काय? या प्रश्नाचे उत्तर प्रेम माथुर यांच्या उदाहरणावरून मिळते. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबात शिकून त्यांनी १९४७ साली व्यावसायिक परवाना मिळविला. त्यांनी आठ कंपन्यांकडे अर्ज केले आणि आठही ठिकाणी नकार मिळाला, असे त्यांच्याविषयी सर्वत्र सांगितले जाते. स्त्री विमान चालवीत आहे हे कळल्यास प्रवासी घाबरतील, अशी सबब दिली जात असे. अखेर निजाम सरकार व टाटा यांच्या भागीदारीतील हैदराबादच्या डेक्कन एअरवेज या कंपनीने त्यांना सहवैमानिक म्हणून घेतले. पुढे १९४९ च्या राष्ट्रीय विमान-शर्यतीत त्यांनी पहिला क्रमांक मिळविला.

या उदाहरणाचा अर्थ पुरुषांच्या पूर्वग्रहापुरता मर्यादित करणे योग्य होणार नाही. परवाना देणाऱ्या सरकारने एकच प्रश्न विचारला होता : हिला विमान चालविता येते काय? आठ कंपन्यांनी निराळा प्रश्न विचारला : हिला घेतल्यास आमच्या गिऱ्हाइकांस काय वाटेल? पारखीत कौशल्याखेरीज इतर अनेक गोष्टी मिसळतात, आणि पारखणारा आपली कारणे लिहून ठेवण्यास बांधलेला नसेल तर त्या गोष्टी कौशल्याच्याच नावाखाली खपतात. परवाना नाकारला तर दाद मागता येते; पारखीत नाकारले तर बहुधा कारणही कळत नाही.

४

राष्ट्रीयीकरणाकडे वळण्यापूर्वी नागपूरकडे पाहणे आवश्यक आहे. कारण त्या काळातील नवख्या वैमानिकाची खरी परीक्षा कोठे होत होती हे येथून स्पष्ट दिसते. सोनेगावचा तळ महायुद्धात ब्रिटिश वायुसेनेने वापरला होता. १९४७ साली, मध्यप्रांताची ही राजधानी असतानाच, नागपूर फ्लाइंग क्लबाची स्थापना झाली. त्यानंतर थोड्याच काळाने, ३० जानेवारी १९४९ रोजी, रात्रीच्या हवाई टपालाची सेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली व मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास एकत्र येत, पिशव्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. प्रथम इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने, नंतर हिमालयन एव्हिएशनने आणि राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सने ही सेवा चालविली. ती १९७३ साली बंद झाली. देशाच्या मध्यबिंदूजवळ असल्याचा जो लौकिक नागपूर मिरविते त्याचा एवढा प्रत्यक्ष उपयोग क्वचितच झाला असेल.

रात्रीचे उड्डाण हे दिवसाच्या उड्डाणाहून तत्त्वतः निराळे आहे. क्षितिज दिसत नाही, शरीराची संवेदना फसविते, आणि समोरच्या उपकरणांवर, प्रसंगी स्वतःच्या जाणिवेविरुद्ध, विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास वर्गात शिकविता येत नाही. डकोटाच्या उजव्या खुर्चीवर सहवैमानिक म्हणून बसलेला नवखा माणूस तो रात्रीमागून रात्री मिळवीत असे, आणि डावीकडचा मुख्य वैमानिक त्याला मिळवताना पाहत असे. तो रेडिओवर कसा बोलतो, चूक दाखविली तर कसा घेतो, तिसऱ्या तासाला त्याचे लक्ष ढळते काय, हे सारे त्या खुर्चीत उघड होई. मुलाखतीने प्रवेश मिळत असे. पारख मात्र उजव्या खुर्चीवर होत असे. वाडीच्या क्लीनरची आणि डकोटाच्या सहवैमानिकाची तुलना येथे नुसती शोभेची राहत नाही. दोन्ही ठिकाणी अनुभवी माणसाच्या शेजारी काढलेला काळ हीच परीक्षा आहे.

या परीक्षेत पणाला काय लागलेले असते याची आठवणही नागपूरच्या इतिहासात आहे. १२ डिसेंबर १९५३ रोजी रात्रीच्या टपालसेवेतील मद्रासकडे निघालेले डकोटा सोनेगावहून उडाल्यानंतर लगेच कोसळले. १३ माणसे मृत्युमुखी पडली. मुख्य वैमानिक तेवढा वाचला. निवडीची पद्धत चांगली की वाईट, हा प्रश्न अशा रात्रींमुळे कागदोपत्री राहत नाही. नाकारला गेलेला उमेदवार अन्यायाची तक्रार करतो आणि ती पुष्कळदा खरी असते. परंतु विमानात मागे बसलेल्या माणसाचाही या निवडीवर हक्क असतो.

१ ऑगस्ट १९५३ रोजी आठ देशांतर्गत कंपन्या एकत्र होऊन इंडियन एअरलाइन्स महामंडळ अस्तित्वात आले होते. त्याबरोबर पहिल्या नेमणुकीच्या इतिहासात नवे पर्व सुरू झाले. परवानाधारक अनेक, आणि देशांतर्गत नियमित सेवेत नोकरी देणारा प्रायः एकच. प्रेम माथुर यांना आठ नकारांनंतर आणखी एक दार ठोठावता आले. महामंडळाच्या काळात असे दार उरले नाही. उलट, सार्वजनिक संस्थेची निवड म्हणून तिला जाहिरात, अटी, निवड-मंडळ व ज्येष्ठता-यादी यांची शिस्त लागली, आणि तीमुळे ओळखीच्या पारखीतील काही मनमानीपणा निश्चित कमी झाला.

ही शिस्त सर्वांपर्यंत पोहोचण्यास मात्र वेळ लागला. दुर्बा बॅनर्जी यांना प्रथम विमानसेविकेची जागा सुचविण्यात आली होती असे सांगतात. १९६६ साली त्या इंडियन एअरलाइन्सच्या पहिल्या स्त्री-वैमानिक झाल्या. १९८५ च्या नोव्हेंबरात कलकत्ता ते सिलचर या मार्गावर केवळ स्त्री-कर्मचारी असलेले पहिले उड्डाण झाले, तेव्हा त्या फोकर विमानाच्या प्रमुख होत्या सौदामिनी देशमुख, आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. आज भारतातील वैमानिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १५ टक्के आहे व ते जगाच्या सरासरीच्या कितीतरी पुढे आहे. १९४७ साली ज्यांना प्रवाशांच्या भीतीची खात्री वाटत होती त्यांची पारख चुकीची होती, हे सिद्ध होण्यास चार दशके लागली.

५

आतापर्यंत वर्णिलेल्या साऱ्या पद्धतींत चाळणी शिक्षणाच्या नंतर लागत होती. याच्या उलट पद्धत लष्करी विमानदलांनी स्वीकारली, आणि तीमागील शास्त्राचा विचार केल्याखेरीज आजची निवड-पद्धत कळणार नाही.

लष्करात शिक्षणाचा सारा खर्च सरकारचा. साहजिकच, जो पुढे नापास होणार त्याला आरंभीच वगळण्यात सरकारचा फायदा असतो. भारतीय वायुसेनेत उमेदवाराची उड्डाण-योग्यता विमानास हात लावण्यापूर्वीच तपासली जाते. जुन्या यांत्रिक चाचणीत उपकरणांचे वाचन आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ पाहिला जाई. अलीकडे तिची जागा संगणकीय चाचणीने घेतली आहे. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, असा नियम रूढ होता. सरावाने गुण वाढावेत अशी ही परीक्षा नव्हे, ही त्यामागील भूमिका. वाडीजवळील वायुसेनानगरात वायुसेनेच्या अनुरक्षण विभागाचे मुख्यालय असल्याने या परिसरातील कुटुंबांना वायुसेना परकी नाही. एकाच घरातील एक मुलगा वायुसेनेच्या चाचणीत पहिल्याच दिवशी गळतो, आणि दुसरा नागरी परवाना घेऊन नोकरीसाठी वर्षानुवर्षे थांबतो, असे घडू शकते. दोघांच्या बुद्धीत फरक नसेल. चाळणीच्या जागेत आहे.

अशा चाचण्या खरोखर काही सांगतात काय, याचा सर्वांत धीट प्रयोग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानदलात झाला. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली चाचण्यांची मालिका तयार करण्यात आली व उमेदवारांना १ ते ९ अशी श्रेणी देण्यात येऊ लागली. त्यानंतर १९४३ साली हजाराहून अधिक उमेदवारांना, त्यांची श्रेणी कोणतीही असो, सरसकट शिक्षणास पाठविण्यात आले. वरच्या श्रेणीतील उमेदवार खालच्या श्रेणीतील उमेदवारांपेक्षा फार मोठ्या प्रमाणात उत्तीर्ण झाले.

या प्रयोगाचे तर्कशास्त्र विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावे. एखाद्या कंपनीने शंभरांतून दहा निवडले आणि ते दहाही चांगले निघाले, तर कंपनी आपल्या चाळणीवर संतुष्ट होते. पण उरलेल्या नव्वदांपैकी किती चांगले निघाले असते, हे तिला कधीच कळत नाही. कारण त्यांना संधीच मिळालेली नसते. चाळणीची खरी कसोटी नाकारलेल्यांनाही घेऊन पाहण्यात आहे, आणि तेवढे धाडस युद्धकाळातील सरकारखेरीज सहसा कोणास परवडत नाही.

दुसरीही एक मर्यादा आहे. चाचणी शिक्षणातील यशाचे भाकीत करते. सुरक्षित सेवेचे भाकीत करणे फार अवघड, कारण अपघात सुदैवाने इतके विरळ असतात की त्यांवरून चाचणीची सत्यता ताडता येत नाही. हंटर व बर्क यांनी १९९४ साली पूर्वीच्या अर्धशतकातील ६८ प्रसिद्ध अभ्यासांचा एकत्र विचार केला. चाचण्यांचा शिक्षणातील यशाशी संबंध आहे, पण तो मध्यम स्वरूपाचा आहे आणि काळाच्या ओघात घटलेला दिसतो, असे त्यांना आढळले. तात्पर्य, चाळणी ही निरुपयोगी नव्हे. परंतु तिच्या निर्णयाला विज्ञानाच्या निर्वाळ्याइतका मान देणेही योग्य नव्हे.

नागरी क्षेत्रात चाळणी आधी लावण्याचा आपल्याकडील महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे तेव्हा रायबरेली जिल्ह्यात असलेल्या फुरसतगंज येथे १९८५ साली स्थापन झालेली इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी. तेथे प्रवेशासाठी लेखी परीक्षा, मुलाखत व योग्यता-चाचणी असते. पण परवाना मिळविणारे बहुसंख्य विद्यार्थी अशा संस्थेबाहेर, फी भरू शकेल त्याला प्रवेश देणाऱ्या शाळांतच शिकत राहिले.

६

हवाई महामंडळांचा कायदा १९९४ साली रद्द झाला, खाजगी कंपन्यांस नियमित सेवेचे दार खुले झाले, आणि पहिल्या नेमणुकीचा बाजार भरती-ओहोटीच्या लयीत चालू लागला. २००३ नंतर स्वस्त प्रवासाच्या कंपन्या निघाल्या तेव्हा परवानाधारकास सहज नोकरी मिळे. ते पाहून हजारो तरुण शिक्षणाकडे वळले. शिक्षण पुरे होईतो मंदी आली. २०१२ साली किंगफिशर व २०१९ साली जेट एअरवेज बंद पडली, तेव्हा अनुभवी वैमानिक बाजारात आले आणि नवखे पुन्हा १९४६ सालच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मध्यंतरी, २०११ साली, बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळविल्याची प्रकरणे उघडकीस आली व महासंचालनालयाला परवान्यांची फेरतपासणी करावी लागली. परवान्याच्या विश्वासार्हतेला असा धक्का बसला की पारखीचा भार आपोआप वाढतो.

आजची पारख साधारणपणे पुढील टप्प्यांची असते. प्रथम पात्रता : किमान २०० तासांच्या उड्डाणावर मिळालेला व्यावसायिक परवाना, पहिल्या वर्गाचे वैद्यकीय प्रमाणपत्र, बहुइंजिनी विमानाचा व उपकरणाधारित उड्डाणाचा अधिकार, आणि रेडिओ-टेलिफोनीची परीक्षा. त्यानंतर विमानशास्त्र, हवामान, मार्गनिर्णय व नियम यांवर संगणकावरील परीक्षा. मग योग्यता-चाचणी : स्मरण, दिशाज्ञान, हात व डोळे यांचा मेळ, आणि एकाच वेळी दोन-तीन कामे सांभाळण्याची शक्ती. पुढे समूह-चर्चा, कृत्रिम उड्डाण-यंत्रावर परीक्षा, आणि शेवटी ज्येष्ठ वैमानिकांसमोर मुलाखत.

यांपैकी उड्डाण-यंत्रावरील परीक्षा विशेष उद्बोधक आहे. उमेदवार जे मोठे विमान कधी चालवीत नव्हता ते त्याने बिनचूक चालवावे, अशी तेथे अपेक्षा नसते. उंची व वेग ढळला तर ते त्याच्या किती लवकर ध्यानात येते, परीक्षकाने सुधारणा सांगितल्यावर दुसऱ्या खेपेस तो सुधारतो काय, अडचणीत सहकाऱ्याची मदत मागतो काय, हे पाहिले जाते. पूर्वी डकोटाच्या उजव्या खुर्चीवर जे अनेक रात्रींत दिसे ते येथे तासाभरात पाहण्याचा प्रयत्न आहे. काळ आकसला आहे. पारखीचा विषय तोच आहे. उजवी खुर्चीही नाहीशी झालेली नाही : निवडीनंतर विशिष्ट विमानाचे शिक्षण आणि देखरेखीखालील प्रत्यक्ष उड्डाणे पुरी झाल्यावरच नवखा सहवैमानिक मोकळा होतो.

पश्चिमेतही एका अपघाताने चाळणीची जागा हलविली. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्ज कंपनीच्या सहवैमानिकाने विमान जाणूनबुजून डोंगरावर आदळविले. त्यानंतर युरोपने नियम केला की, कंपनीने वैमानिकास प्रवासी सेवेत उतरविण्यापूर्वी त्याचे मानसिक मूल्यमापन करावे; तो २०२१ पासून अमलात आहे. अमेरिकेने २००९ च्या एका अपघातानंतर उलट दिशेने, तासांचे माप वाढवून, सहवैमानिकासही सामान्यतः १५०० तासांची अट घातली. एकाने मनाचा तळ पाहण्याचे ठरविले, दुसऱ्याने नोंदवहीची जाडी. दोन्ही उपाय अपघाताच्या आठवणीतून निघाले आहेत, आणि कोणता अधिक यथार्थ याविषयी विशेषज्ञांत आजही एकमत नाही.

भारतात अलीकडे सर्वांत लक्षणीय बदल झाला तो म्हणजे कंपन्यांनी स्वतःच चाळणी शिक्षणाच्या आधी आणणे. उमेदवार प्रथम कंपनीच्या चाचण्या देतो, उत्तीर्ण झाल्यास कंपनीने ठरविलेल्या शाळेत शिकतो, आणि अटी पुऱ्या केल्यास त्याच कंपनीत लागतो. विदर्भ या बदलाच्या वाटेवरच आहे. युद्धकाळात बांधलेल्या गोंदियाजवळील बिरसीच्या धावपट्टीवर २००८ च्या सुमारास राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. वाडीवरून जाणारा मार्ग ज्या अमरावतीस पोहोचतो तिच्याजवळ बेलोरा येथे ३४ विमानांची व वर्षाला १८० वैमानिक घडविणारी शाळा काढण्याची योजना एअर इंडियाने २०२४ साली जाहीर केली. नागपूर फ्लाइंग क्लबाचे उड्डाण-शिक्षण मध्यंतरी काही वर्षे बंद पडून पुन्हा सुरू झाले.

तत्त्वतः ही पद्धत लष्करी पद्धतीसारखी दिसते. भेद एवढाच, आणि तो मूलगामी आहे, की खर्च उमेदवाराचा असतो. साध्या परवान्यास आज पन्नास-साठ लाखांच्या पुढे खर्च येतो. कंपनीच्या योजनेचा खर्च कोटीच्या घरात जातो. लष्कराने चाळणी आधी लावली, कारण नापास उमेदवाराचा तोटा लष्कराचा होता. कंपनी ती आधी लावते तेव्हा उमेदवाराचे धन वाचते, हे खरे; परंतु ज्याच्या घरी कोटीची सोय नाही तो चाळणीपर्यंत पोहोचतच नाही. जुहूच्या क्लबाच्या दारात १९२८ साली जी चाळणी होती, ती नवे नाव घेऊन पुन्हा दारात उभी राहिली आहे.

७

या आढाव्यावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, परवाना व पारख यांतील अंतर स्थिर नसते. उमेदवार थोडे असले की ते घटते व फार झाले की वाढते. पारखीची कठोरता ही विमानविद्येच्या गरजेची जितकी द्योतक, तितकीच बाजाराच्या गर्दीचीही असते. दुसरा असा की, कारणे लिहून न ठेवणारी पारख पूर्वग्रहास आश्रय देते. आठ नकारांची कथा हेच सांगते. तिसरा असा की, कोणतीही चाळणी नाकारलेल्यांविषयी मुकी असते, आणि म्हणून तिच्याविषयी थोडा संशय बाळगणे हे शास्त्रीय वृत्तीचे लक्षण आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने यातून एक साधी सूचना निघते. योग्यता-चाचणी ही शिक्षणाचे कर्ज काढण्यापूर्वी, अल्प खर्चात, कोणत्याही कंपनीशी न बांधता देता यावी. फुरसतगंजला व वायुसेनेत जे शक्य झाले ते नागपूरसारख्या ठिकाणी सर्वांसाठी खुले करणे अशक्य नाही. चाचणीचे भाकीत मध्यम प्रतीचे असेल. तरी घर गहाण ठेवण्यापूर्वी मिळालेला मध्यम प्रतीचा सल्ला, नंतर मिळालेल्या अचूक नकारापेक्षा कुटुंबाच्या अधिक उपयोगी पडेल.

अभ्यासकांसाठीही येथे काम आहे. वैमानिकाची नोंदवही हे इतिहासाचे साधन म्हणून आपल्याकडे अजून फारसे वाचले गेलेले नाही. तारीख, विमानाचा प्रकार, कोठून कोठे, एकट्याने की शिक्षकासह, दिवसा की रात्री, आणि शेरा : एवढ्या रकान्यांत एका माणसाची सारी पारख साठविलेली असते. रात्रीच्या टपालाच्या काळातील सहवैमानिकांच्या अशा वह्या नागपुरातील घरांतून जर कोठे शिल्लक असतील, तर त्या वेळीच जतन झाल्या पाहिजेत. महामंडळाच्या कागदांत नेमणूक कोणाची झाली एवढे सापडेल; ती होण्यापूर्वी व झाल्यावर माणूस कसा घडला हे या वह्यांतच सापडण्याचा संभव आहे. आणि ज्यांची नेमणूक कधी झालीच नाही त्यांच्या वह्या, ज्या दोनशेव्या तासाच्या आसपास थांबल्या असतील, त्या तर अधिक काळजीने वाचावयास हव्यात. चाळणीने नाकारलेल्यांविषयी जे सांगितले नाही ते सांगणारा दुसरा पुरावा आपल्यापाशी नाही.